इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं? ‘शुगर’ घेऊन पायरी-पायरीने

सांगली जिल्ह्यात ‘शुगर’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याच्या कमानीवर हा शब्द आहे, औषधाच्या दुकानातल्या डब्यांवर आहे, आणि ‘मला भात नको, शुगर आहे’ असं म्हणणारं एखादं माणूस बहुतेक घरांत आहे. इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि मूळ शोधण्याची गोडी ज्यांना नव्याने लागली आहे, त्यांना मी म्हणूनच हा शब्द सुचवतो. सुरुवातीला भारदस्त शब्द घेतला की सगळी माहिती कोशातूनच उचलावी लागते. रोजच्या शब्दाचं तसं नसतं. त्याची निम्मी माहिती तुमच्याकडे आधीच असते, फक्त ती कधी कागदावर मांडून बघितलेली नसते.

सामान फार लागत नाही. एक वही, आणि फोन किंवा वाचनालयातला एखादा जाड इंग्रजी कोश. घाई मात्र नको.

पहिली पायरी: कोश नंतर, आधी कान

वहीच्या डाव्या पानावर आपल्या आजूबाजूची माणसं हा शब्द कुठे कुठे वापरतात ते लिहून काढा. ‘शुगर वाढलीय.’ ‘उपाशीपोटी शुगर तपासून या.’ ‘शुगर-फ्री बिस्किटं आहेत का?’ उजव्या पानावर ‘साखर’ कुठे येते ते लिहा. ‘चहात साखर कमी टाक.’ ‘साखर कारखाना.’ ‘साखरपुडा.’ ‘तुझ्या तोंडात साखर पडो.’

आता दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. डब्यात साखर आहे आणि रक्तात शुगर. वर्तमानपत्रं ‘रक्तातील साखर’ लिहितात, पुस्तकं ‘मधुमेह’ लिहितात, पण बोलताना तोंडात ‘शुगर’च येतं, आणि तेही थेट आजाराचं नाव म्हणून: ‘त्यांना शुगर आहे.’ प्रमाण इंग्रजीत आजाराला नुसतं ‘शुगर’ म्हणत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलीत मात्र तसं म्हणतात. म्हणजे आपण एक मोठा शब्द घेतला आणि त्याचा एक कोपरा वापरात ठेवला. बाकीची जागा ‘साखर’ने आधीच भरलेली होती.

परका शब्द भाषेत शिरताना आपले सगळे अर्थ बरोबर आणत नाही. जिथे रिकामी जागा मिळते तिथे तो बसतो. कोणताही इंग्रजी शब्द तपासताना ही दोन पानं आधी भरा. ती न भरता कोश उघडला, तर इंग्रजीतला अर्थ आणि मराठीत रुळलेला अर्थ यांची गल्लत होते आणि पुढची सगळी वाट चुकते.

दुसरी पायरी: अर्थांची यादी वाचायची कशी

कोशात अर्थांना १, २, ३ असे आकडे असतात. पहिला अर्थ सगळ्यात जुना असणार असं बहुतेक नवे वाचक धरून चालतात. तसं नसतं. विद्यार्थ्यांसाठी काढलेले कोश सर्वांत जास्त वापरला जाणारा अर्थ वर ठेवतात. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची रीत वेगळी आहे. १८८४ मध्ये तिचा पहिला भाग निघाला आणि १९२८ मध्ये ती पूर्ण झाली. ती अर्थ काळाच्या क्रमाने लावते आणि प्रत्येक अर्थाखाली जुन्या लिखाणातली उदाहरणं वर्षासकट देते. आपल्या हातातला कोश कोणत्या पद्धतीचा आहे हे त्याच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही; तुम्ही वाचा.

‘शुगर’चे अर्थ इंग्रजीत बरेच पसरले आहेत. खायची साखर हा पहिला. चहात घालायचा एक चमचा किंवा एक खडा, म्हणजे ‘दोन शुगर’ असं मोजमाप, हा दुसरा. रसायनशास्त्रात तर ते एका अख्ख्या कुळाचं नाव आहे: ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज या सगळ्या शर्करा. प्रिय माणसाला हाक मारायचा शब्द, हा विसाव्या शतकातल्या अमेरिकी बोलण्यातून आलेला अर्थ. क्रियापद म्हणूनही शब्द चालतो. कडू गोष्ट गोड करून सांगणं हा त्याचा लाक्षणिक अर्थ.

एक जुना अर्थ मुद्दाम सांगण्यासारखा आहे. लेड ॲसिटेट या शिशाच्या क्षाराला इंग्रजीत पूर्वी ‘शिशाची साखर’ अशा अर्थाचं नाव होतं. तो चवीला गोड लागतो आणि विषारी असतो. त्या नावात साखर आली ती चवीवरून आणि पांढऱ्या स्फटिकांवरून. त्या पदार्थात साखरेचा कणही नाही. शब्दाचा अर्थ वस्तूच्या कोणत्या गुणाला धरून पुढे सरकला, हा प्रश्न प्रत्येक अर्थाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: उगमाची ओळ

नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी, बहुधा चौकटी कंसात, उगमाची ओळ असते. ‘शुगर’खाली साधारण असा क्रम दिसेल: मध्ययुगीन इंग्रजी, ते जुन्या फ्रेंचमधल्या ‘स्यूक्र’वरून, ते मध्ययुगीन लॅटिन ‘सुक्कारुम’वरून, ते अरबी ‘सुक्कर’वरून, ते फारसी ‘शकर’वरून, ते संस्कृत ‘शर्करा’वरून. ही ओळ आजपासून मागे जाते. वहीत ती उलटी करून लिहा, सर्वांत जुनं वर, म्हणजे शब्द कसा चालत आला ते नजरेला दिसतं.

एक सवय लावून घ्या. प्रत्येक टप्प्यासमोर भाषा, तिथलं रूप, तिथला अर्थ आणि काळ अशा चार गोष्टी हव्यात. नुसतं ‘संस्कृतवरून’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या कोशावर थांबू नका, मोठा कोश बघा. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीस लिखाणात दिसू लागतो. हा आकडा वहीत ठळक लिहा, कारण त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट या शब्दाचं मूळ असू शकत नाही.

अर्थाचा रकाना भरताना खरी मजा येते. संस्कृत कोशात ‘शर्करा’ उघडा. मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा कोश इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. तिथे बारीक खडे, वाळू, कंकर असे अर्थ आहेत आणि साखर त्यांच्या जोडीला आहे. पाली भाषेतल्या ‘सक्खरा’चंही तेच: खडाही आणि साखरही. आयुर्वेदात मुतखड्याच्या प्रकरणात ‘शर्करा’ येते ती खड्यांच्या अर्थाने. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी चव नाहीच, पोत आहे. उसाच्या रसापासून जेव्हा हाताला कणकण लागणारा पदार्थ तयार झाला, तेव्हा त्याला बोटांनी नाव दिलं.

आपल्या भागात हे पटायला लांब जावं लागत नाही. साखरेच्या पोत्यावरची प्रत बघा: ‘एस-३०’, ‘एम-३०’. त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं, एस म्हणजे बारीक आणि एम म्हणजे मध्यम, आणि आकडा रंगासाठी असतो. व्यापारी आजही साखर दाण्यावरूनच ओळखतो. गोडीचा रकाना त्या पोत्यावर नसतो.

चौथी पायरी: शब्दाबरोबर वस्तू गेली का?

शब्द एकटा क्वचित फिरतो. त्याच्याबरोबर वस्तू, व्यापारी, सैनिक, धर्मप्रसारक यांपैकी कुणीतरी असतं. म्हणून उगमाच्या ओळीतला प्रत्येक टप्पा इतिहासाशी ताडून बघायचा.

साखरेचा इतिहास इथे चांगली साथ देतो. सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस याने हिंदुस्थानातल्या, मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या वेतांचं वर्णन केल्याचं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडिस हा ग्रीक वैद्य ‘साक्खारोन’ नावाच्या पदार्थाबद्दल लिहितो: हिंदुस्थानात आणि अरबस्तानात वेतांमध्ये मिळणारा, मिठासारखा दाताखाली फुटणारा घट्ट मध. त्याला पदार्थ माहीत आहे, नावही माहीत आहे, पण समजून सांगायला ‘मध’ आणि ‘मीठ’ यांचाच आधार घ्यावा लागतो. इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या तांग सम्राटाने साखर करण्याची रीत शिकायला मगधात माणसं पाठवली. पश्चिमेकडे इराणातून ती अरबांकडे गेली, आणि अरबांनी ऊस इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेला. धर्मयुद्धांच्या काळात युरोपातल्या लोकांना साखरेची चव लागली.

१२२६ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाने विंचेस्टरच्या मेयरकडे अलेक्झांड्रियाची तीन पौंड साखर मागितली, आणि तीही एका वेळी तेवढी मिळाली तर. राजाला दीड किलोही साखर सहज मिळत नव्हती, असा तो काळ. तेव्हा तिकडे साखर मसाल्यांबरोबर आणि औषधांबरोबर विकली जाई. अलेक्झांड्रिया हे अरबी मुलखातलं बंदर. वस्तू तिथून येते आणि शब्दही अरबी रूपातून येतो. दोन्ही जुळतात, म्हणजे टप्पा पक्का.

स्पॅनिशमध्ये साखरेला ‘असूकार’ म्हणतात. सुरुवातीचा ‘अ’ कुठला? अरबीत नामाला ‘अल्’ हे उपपद लागतं आणि ‘स’च्या आधी त्याचा उच्चार ‘अस्’ होतो: ‘अस्-सुक्कर’. स्पेनमध्ये अरबी शतकानुशतकं बोलली जात होती, म्हणून तिथे उपपदासकट शब्द उचलला गेला. इटालियन ‘त्सुक्केरो’ आणि फ्रेंच ‘स्यूक्र’ यांत ते नाही. असा चिकटून राहिलेला तुकडा सापडला की तो नीट टिपून ठेवा. शब्द कुठून आला याचा त्याच्याहून चांगला पुरावा नाही.

पाचवी पायरी: उच्चाराची परीक्षा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक जण इथेच घसरतात.

‘शर्करा’त श, ‘शुगर’मध्येही श. म्हणजे इंग्रजांनी आपला श जपला, असं कुणालाही वाटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात हे अभिमानाने लिहिलेलं असतं. पण मघाची उलटी केलेली ओळ पुन्हा बघा: शर्करा, शकर, सुक्कर, सुक्कारुम, स्यूक्र. श फारसीपर्यंत टिकला. अरबीत त्याचा स झाला, आणि लॅटिन, फ्रेंच दोन्हींत स राहिला. इंग्रजीत शब्द शिरला तोही स घेऊनच, आणि स्पेलिंगमध्ये एस हे अक्षर आजही तसंच आहे. आजचा श नंतर इंग्लंडातच तयार झाला.

कसा? फ्रेंचमधल्या त्या स्वराचा उच्चार इंग्रज ‘इउ’सारखा करू लागले, त्यामुळे ‘स’च्या मागोमाग ‘य’सारखा आवाज आला: ‘स्युगर’. स आणि य जवळ आले की जीभ टाळूकडे सरकते आणि स चा श होतो. ‘शुअर’ या शब्दात हेच घडलं. ‘इश्यू’, ‘टिश्यू’, ‘प्रेशर’ या शब्दांतही दोन एस लिहून श वाचतात, त्याचं कारण याच्याच जवळचं आहे.

मराठी माणसाला हे पटवायला इंग्रजी उदाहरणांची गरजच नाही. संस्कृत ‘सिंदूर’चा आपण ‘शेंदूर’ केला. ‘सीव्’ धातूवरून आपलं ‘शिवणे’ आलं. इ, ए, य यांच्या शेजारी स चा श होणं हा मराठीचा जुना स्वभाव आहे. जिभेची रचना सगळीकडे सारखी असल्याने दूरच्या दोन भाषांत, एकमेकींशी संबंध नसताना, तोच बदल घडू शकतो.

तेव्हा ‘शुगर’ शर्करेपासून आला हे खरं, पण त्यातला श हा त्याचा पुरावा नाही. निष्कर्ष बरोबर आणि कारण चुकीचं, असं या विषयात फार वेळा होतं. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर मिळालं तर पुढच्या शब्दाला तेच कारण लावून माणूस खड्ड्यात जातो. म्हणून माझं सांगणं एवढंच: आजची दोन रूपं शेजारी ठेवून निकाल देऊ नका. मधलं प्रत्येक रूप बघा आणि प्रत्येक अक्षर कुठे बदललं ते दाखवा. ‘शुगर’मधल्या ‘ग’चं उदाहरण घ्या. फ्रेंचमध्ये तिथे क आहे. इंग्रजीत त्याचा ग का झाला याचं समाधानकारक उत्तर मोठ्या कोशांनीही दिलेलं नाही, आणि ते तसं स्पष्ट लिहितात. चांगला कोश ओळखायची ही एक खूण आहे.

सहावी पायरी: भाऊबंद शोधा

एका मुळापासून निघालेले शब्द वेगवेगळ्या वाटांनी एकाच भाषेत येऊन पोचतात. ते एकत्र ठेवले की मूळ अधिक स्पष्ट होतं.

‘जॅगरी’ म्हणजे गूळ. आपला ‘गूळ’ संस्कृत ‘गुड’वरून, पण ‘जॅगरी’चा गुडाशी काही संबंध नाही. मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी मल्याळममधला ‘चक्करा’ ऐकला, त्याचं ‘जागरा’ केलं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. आणि ‘चक्करा’ शर्करेपासूनच. म्हणजे गुळाचं इंग्रजी नाव साखरेच्या घरातलं आहे! युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले असे शब्द भरपूर मिळतात, त्यात ही नोंदही आहे.

‘सॅकरिन’ तिसऱ्या वाटेने आला. ग्रीक ‘साक्खारोन’चं लॅटिन ‘साक्खारुम’ झालं आणि विद्वानांच्या लिखाणात टिकलं. उसाच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द तोच आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना एक अतिगोड पदार्थ सापडला आणि त्याला या मुळावरून नाव मिळालं. शुगर असलेल्यांनी साखरेऐवजी घ्यायची गोळी, आणि नावात पुन्हा साखरच.

‘कँडी’चं मूळ वेगळं: फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, आणि त्यामागे बहुधा संस्कृत ‘खंड’, म्हणजे तुकडा. खांडसरी साखर म्हणताना आपण त्याच शब्दाच्या आसपास असतो. ‘बहुधा’ हा शब्द वहीत गाळू नका. कोशाने तो विचार करून घातलेला असतो.

मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८३१ चा, आणि वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ बघा. आणि जिवंत कोश हवा असेल तर जतकडच्या किंवा मिरजेच्या एखाद्या कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला विचारा साखरेला काय म्हणतात. ‘सक्करे’ ऐकू येईल. गुळाला विचारलंत तर ‘बेल्ल’ म्हणतील, म्हणजे तो शब्द वेगळ्या घरातला. दोन मिनिटांच्या बोलण्यात एवढं हाती लागतं.

नातं दोन प्रकारचं असतं

‘मदर’ आणि ‘मातृ’ सारखे आहेत, ‘शुगर’ आणि ‘शर्करा’ही सारखे आहेत, पण ही दोन नाती एक नव्हेत. ‘मदर’ इंग्रजांनी कुणाकडून घेतलेला नाही. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींच्या पूर्वज भाषेतून तो शब्द दोघींना वारशाने मिळाला. असे शब्द सगोत्र. ‘शुगर’ उसना आहे, हातोहात गेलेला. सगोत्र शब्दांत आवाजांचे बदल ठरावीक असतात: संस्कृतात प असेल तिथे इंग्रजीत फ, जसं पितृ आणि फादर, पाद आणि फूट. उसन्या शब्दांत असा नियम मिळत नाही. तिथे तारखा आणि प्रवास बघावा लागतो. ‘इंग्रजी संस्कृतपासून निघाली’ हे विधान या दोन नात्यांच्या गोंधळातून जन्मतं.

गोष्टींपासून सावध

मूळ सांगणारी गोष्ट जितकी चटपटीत, तितकी ती जास्त तपासा. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं, असं शाळेतसुद्धा सांगतात. खरं तर तो ‘न्यू’ म्हणजे नवा या शब्दाचा अनेकवचनी वापर आहे. आद्याक्षरांपासून शब्द बनवण्याची रीत विसाव्या शतकात बोकाळली. त्याआधीच्या शब्दाला कुणी असं मूळ लावत असेल तर नव्वद टक्के तिथेच थांबायला हरकत नाही.

आपल्या गावांचंही तसंच. ‘सहा गल्ल्या म्हणून सांगली’ हे प्रत्येक सांगलीकराने ऐकलेलं आहे. ऐकायला गोड, पण मग तो अनुस्वार आला कुठून, आणि जुन्या कागदांत ‘सहागल्ली’ असं रूप मिळतं का, हे विचारायला हवं. वाळवा तालुक्यात साखराळे नावाचं गाव आहे आणि तिथे साखर कारखाना आहे. गाव कारखान्याच्या आधीचं, तेव्हा कारखान्यावरून नाव पडलं असं कुणी म्हणू नये. ते नाव साखरेवरून आलं का, हेही जुनी रूपं बघूनच ठरवायचं.

पुढचा शब्द

‘शुगर’चं पान पूर्ण झालं की त्याच कारखान्यातले दोन शब्द घ्या. ‘बगॅस’, म्हणजे रस काढल्यावर उरलेलं चिपाड: हा फ्रेंच शब्द स्पॅनिश ‘बगासो’वरून आला, आणि मुळात तो द्राक्षं, ऑलिव्ह असं काहीही पिळून उरलेल्या चोथ्यासाठी होता. उसापर्यंत कसा पोचला ते चौथ्या पायरीने शोधा. दुसरा ‘मोलॅसिस’, म्हणजे मळी. याची उगमाची ओळ पोर्तुगीज ‘मेलासु’वरून लॅटिन ‘मेल’कडे जाते आणि ‘मेल’ म्हणजे मध. तिथे डायोस्कोरिडिसची नोंद पुन्हा वाचा, मग अर्थाचा रकाना भरा.